गुडघ्याला बाशिंग, हातात पंचांग

अमेरिकेच्या नव्या अध्यक्षाने शपथेसाठी वर केलेला हात खाली येण्याआधीच चार वर्षांनी तिथे कोणाचा हात असेल, हे सांगायला तिथले राजकीय पंडित बसतात. दोन्ही पक्षांतले इच्छुक गुडघ्याला बाशिंग बांधून तयारच असतात. त्यांची पत्रिका मांडायला कोणीतरी हवेच. 2024 ची मतमोजणी आटोपली आणि 2028 च्या याद्या बाहेर पडल्या. या धंद्याची तुलना रस्त्याकडेच्या पोपटवाल्या ज्योतिष्याशी करण्याचा मोह होतो, पण त्यात ज्योतिष्यावर अन्याय आहे. चिठ्ठी पोपटाने काढली, हे तो लपवत नाही.

जुन्या चिठ्ठ्या उघडून पाहाव्यात. 1972 साली डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी एडमंड मस्की यांच्या खिशात आहे असे मानले जात होते. ती जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या खिशातून निघाली. 1987 च्या मे महिन्यात आघाडीवरचे गॅरी हार्ट एका भानगडीपायी मैदानाबाहेर गेले. 1988 च्या अटलांटा अधिवेशनात बिल क्लिंटन नावाच्या तरुण गव्हर्नरने इतके लांबलचक भाषण केले की, 'आता शेवटचे' म्हणताच सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. हाच गृहस्थ चार वर्षांनी उमेदवार होईल असे त्या रात्री कोणी म्हटले असते, तर त्यालाही तशाच टाळ्या पडल्या असत्या. 2007 मध्ये पाहण्यांत एकीकडे रूडी जुलियानी पुढे होते, दुसरीकडे हिलरी क्लिंटन. 2008 च्या अंतिम लढतीत दोघेही नव्हते. आणि जेब बुश! त्यांच्या पाठीराख्या निधिसंस्थेने 2015 च्या पहिल्या सहा महिन्यांतच 10 कोटी डॉलरहून अधिक जमवले. पदरात पडले पक्षाच्या अधिवेशनातले 4 प्रतिनिधी. म्हणजे एक प्रतिनिधी अडीच कोटींना. या भावात लग्नातले घोडेसुद्धा महाग वाटेल. त्याच उन्हाळ्यात 'हफिंग्टन पोस्ट'ने डोनाल्ड ट्रम्प यांच्या बातम्या मनोरंजन विभागात टाकायचे जाहीर केले होते. पोपटाचे काम पोपटाने केले; पोपट मात्र पंडितांचा झाला.

हे पुन्हा पुन्हा का होते? दोन वर्षे आधीची पाहणी कोण जिंकेल हे मोजत नाही, कोणाचे नाव कानावरून गेले आहे ते मोजते. मस्की 1968 साली उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, जुलियानी न्यूयॉर्कचे महापौर, आणि जेब यांचे तर आडनावच दोनदा व्हाइट हाऊसमध्ये राहून आलेले. शिवाय पद्धतच वाकडी. 1968 पर्यंत पक्षाचे धुरीण उमेदवार ठरवू शकत. त्या वर्षी ह्यूबर्ट हंफ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढता उमेदवार झाले. त्यावर गदारोळ झाला, नियम बदलले आणि निवड मतदारांच्या हाती गेली. ती एका दिवसात होत नाही. राज्यामागून राज्य मतदान करते आणि प्रत्येक निकालाने पुढचा पट बदलतो. 2020 मध्ये जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. 29 फेब्रुवारीला ते साउथ कॅरोलिनात जिंकले आणि दोन दिवसांत दोन प्रतिस्पर्धी माघार घेऊन त्यांच्या मागे उभे राहिले. जो पट अजून मांडलाच नाही, त्यावरची शेवटची चाल सांगायची म्हणजे बाजारात तुरी. त्यात फळे असलेल्या झाडालाच दगड बसतात, आणि 'आघाडीवर' ही पाटी त्या झाडावर पंडितांनीच लावलेली असते.

काही भाकिते खरी ठरतात की, असे कोणी म्हणेल. 2000 साली अल गोर, 2016 साली हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी. खरे आहे, पण गोर तेव्हा उपाध्यक्ष होते. मुंबईत जूनमध्ये पाऊस येईल हे सांगायला वेधशाळा लागत नाही, तारीख सांगायला लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आताचे अभ्यासक नाव सांगत नाहीत, शक्यतेची टक्केवारी सांगतात. अनिश्चितता आकड्यात कबूल करणे प्रामाणिकपणाचेच आहे. पण अभ्यासक 30 टक्के म्हणतो, आणि मथळ्यात टक्के गळून नाव उरते. नाव खरे निघाले तर मथळा पुन्हा छापतात, खोटे निघाले तर आतल्या पानावरचे उरलेले 70 टक्के दाखवतात.

2024 ची गंमत तर कोणत्याच टक्क्यात बसली नसती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुका बायडेन यांनी जिंकल्या आणि 21 जुलैला तेच बाजूला झाले. उमेदवार झाल्या कमला हॅरिस, ज्यांनी मागच्या खेपेस डिसेंबर 2019 मध्ये, पहिले मत पडण्यापूर्वीच माघार घेतली होती. महिनाभरात पंडितांनी हे कसे अटळ होते ते समजावून सांगितले.

तेव्हा 2028 वर पैज लावायचीच असेल, तर वाचकांनी 1976 च्या आयोवाचा निकाल पाहून लावावी. तिथे डेमोक्रॅटिक पक्षात पहिला क्रमांक कोणाही उमेदवाराचा आला नाही. 'अजून ठरलेले नाही' या पर्यायाला 37 टक्के मिळाले. सुमारे 28 टक्क्यांवर दुसरे आले जिमी कार्टर, आणि पुढच्या जानेवारीत शपथ त्यांनीच घेतली.