असू दे, लागतंय कधीतरी

विट्यातलं एखादं घर किती मोठं आहे हे कळायला खोल्या मोजून उपयोग नाही, पाणी साठवायची भांडी मोजावीत. दारात सिमेंटची टाकी, गच्चीवर काळी सिंटेक्स, मोरीत पिंप, पिंपाला लागून रंगाचे रिकामे डबे, ओट्याखाली कळश्या, आणि एवढ्यानंही भागलं नाही तर म्हणून कोपऱ्यात एक पितळी घागर. नळाला पाणी यायचा दिवस आमच्याकडे सणापेक्षा कडक पाळतात. सणाला एखादा जावई यायचा राहील, पाण्याच्या वेळेला घरातलं माणूस हलत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं, कपड्यांचं शेवटचं पाणी मोरीला जातं. पाणी एकदाच वापरून सोडून देणाऱ्या माणसाबद्दल गल्लीत फार चांगलं बोलत नाहीत.

आमचा खानापूर तालुका पर्जन्यछायेतला. ढग आमच्यावरूनही जातात, पण महाबळेश्वरात खिसा रिकामा करूनच पुढे आलेले असतात. आता कराडजवळच्या टेंभूतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून इकडे येतं, ज्या रानात कुसळं होती तिथे ऊस-द्राक्षं दिसतात. पण बायकांचा हात अजून त्या पाण्यावर विसंबलेला नाही. कालव्याला पाणी आलेलं दिसलं तरी घरातलं पिंप रिकामं ठेवायची कुणाची छाती होत नाही. मग आशाताई येतात, पिंपात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधतात आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा म्हणून बजावतात. त्यांचं बरोबरच आहे. पण ज्या गावानं आयुष्यभर कोरडे दिवसच पाळले, त्याला हे पटवून देणं अवघड काम आहे.

मध्यंतरी आपत्ती व्यवस्थापनाचं एक पत्रक हातात पडलं. घरात एक आपत्कालीन पिशवी तयार ठेवा, असं त्यात होतं. पुढे यादी: पिण्याचं पाणी, टिकाऊ कोरडं खाणं, बॅटरी, काडेपेटी, मेणबत्त्या, औषधं, महत्त्वाची कागदपत्रं, थोडी रोख रक्कम आणि शिट्टी. आईला आम्ही सगळे आक्काच म्हणतो. तिला मी ती यादी मोठ्यानं वाचून दाखवली. ती शेंगा फोडत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "ह्यात शिट्टी तेवढी नवीन हाय." आणि थोड्या वेळानं, "ती बी कुकरला हाय की."

आक्काचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात बसतं: असू दे, लागतंय कधीतरी. सुतळीचा तुकडा, बाटलीचं झाकण, मिठाईच्या खोक्यावरचा रबर, जुन्या धोतराची फडकी, स्टोव्ह मोडीत गेल्यावरही जपलेली स्टोव्हची पिन, सगळं याच कलमाखाली माळ्यावर जातं. गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं खरोखरच लागतं. बाकीचं कुठे ठेवलंय ते सापडत नाही म्हणून लागत नाही.

ही सवय आली कुठून, हे तिला विचारावं लागत नाही. १९७२ चा दुष्काळ तिनं बघितलाय. खडी फोडायच्या कामावर दिवस काढलेली, सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली आणि परदेशातून आलेल्या मिलोची लालसर भाकरी गिळलेली पिढी आहे ती. त्या भाकरीबद्दल आक्का वाईट बोलत नाही, चांगलंही बोलत नाही. "पोटात जात हुती," एवढंच म्हणते. त्याच दुष्काळात ज्या रोजगार हमीनं लाखो माणसं जगवली, तिची कल्पना वि. स. पागे यांची आणि पागे आमच्याच जिल्ह्यातल्या विसापूरचे. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या काही गावांत तिचा प्रयोग झाला, पुढे कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. नोकरदाराच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जो व्यवसाय कर कापला जातो, तो मुळात या योजनेसाठी लावलेला. पगाराची चिठ्ठी बघून कुरकुरणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. सगळ्या राज्यानं मिळून लावलेली भिशी आहे ती, आणि पहिला नंबर ज्याच्या शेतात पाऊस पडला नाही त्याचा.

कोरड्या टिकाऊ खाण्याचं कलम तर आमच्याकडे उन्हाळ्यातच उरकलेलं असतं. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. चीक शिजताना हटायला दोन दणकट हात लागतात, म्हणून ते काम एकटीचं नव्हे. आज आमच्या गच्चीवर, उद्या शेजारच्या वैनींच्या. सोऱ्या एकच, गल्लीभर फिरतो आणि तो नेमका कुणाच्या मालकीचा हे आता कुणालाच सांगता येत नाही. चिकाची पहिली वाटी पोरांना, तीळ आणि गूळ घालून. ज्वारीचंही शास्त्र आहे. उन्हात खणखणीत वाळवायची, पण तापलेली तशीच भरायची नाही. रात्रभर निवू द्यायची, नाहीतर आत घाम धरते आणि कीड लागते. मग थराथरात वाळलेला कडुनिंबाचा पाला. डाळींना एरंडेलाचा हात. वर्षाच्या कांदा-लसूण चटणीच्या बरणीत हिंगाचे खडे. या सगळ्याला जो खर्च येतो तो एका बेताच्या हॉटेलातल्या जेवणाच्या बिलात बसावा, आणि पुरतं ते दिवाळीच्या पलीकडे.

त्यातही मानाचा धनी हुलगा. कमी पावसात, हलक्या रानात, कुणी फारसं लक्ष न देताही येतो. आमच्याकडच्या बऱ्याच थोर माणसांसारखाच. हुलगे भाजून दळलेलं पीठ डब्यात असलं की अवेळी आलेल्या पाहुण्याला, आजाऱ्याला आणि महिनाअखेरीला माडगं करता येतं, गुळाचं किंवा तिखटमिठाचं. पूर्वी पाहुण्यांपुढे माडगं ठेवायची लाज वाटायची. आता पुण्याहून आलेला भाचा ते मागून घेतो आणि त्यात प्रोटीन किती आहे ते आक्कालाच समजावून सांगतो. ती ऐकून घेते.

उजेडाचं कलम मात्र विट्यात वेगळंच आहे. हे यंत्रमागांचं गाव. रात्रंदिवस खडखडाट चालू असतो आणि आमची झोप त्या तालावर लागते. मध्यरात्री वीज गेली की खडखडाट एकदम थांबतो आणि सगळी गल्ली दचकून जागी होते. बाहेरगावच्या पाहुण्याला याचा अर्थ लागत नाही. त्याला तेव्हाच कुठे झोप लागलेली असते. पण मागावरच्या कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर असते. अंधारात बसलेला प्रत्येक तास त्याच्या आठवड्याच्या पगारातून जातो. त्यामुळे भारनियमनाच्या काळात मेणबत्ती कुठे आहे यापेक्षा या आठवड्याचा किराणा कसा भागवायचा, हा प्रश्न मोठा होता. त्याचं उत्तर किराणा दुकानदाराच्या वहीत असायचं. "मांडून ठेवा," हे दोन शब्द ज्याच्या पदरी आहेत, त्याला पत्रकातली पिशवी थोडी लहान घेतली तरी चालते.

थोडी रोख रक्कम. हे कलम वाचताना तात्या, म्हणजे आमचे वडील, पेपराआड गेले. कारण ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. आठ वाजता पंतप्रधानांनी पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर सांगितलं. जेवणं झाल्यावर आक्का काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि तूरडाळीच्या डब्यातून, शेवयांच्या पिशवीतून, देव्हाऱ्याच्या फळीमागून एकेक घडी आणून पलंगावर ठेवू लागली. नोटांना हिंगाचा वास होता. घरात आपल्यापेक्षा श्रीमंत माणूस राहतं, हे तात्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे हीच अडचण होऊन बसली, म्हणून पुढचे काही दिवस सगळं घर बँकेच्या रांगेत. बदलून आलेल्या नोटा नंतर कुठे गेल्या, ते अर्थातच कुणाला ठाऊक नाही. तात्यांनी डाळीचा डबा उघडून बघितला होता. त्यात डाळ होती.

शहाणी माणसं सांगतात, तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवावा. ज्याचा महिना वीस तारखेलाच संपतो, त्यानं ही बाजू आणायची कुठून? विट्याचं उत्तर जुनं आहे: गुंजभर का होईना, सोनं. आणि या बाबतीत गावाला थोडा अधिकारही आहे. इथल्या आणि आसपासच्या गावांतली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. केरळपासून पंजाबपर्यंत सराफांच्या गल्ल्यांत आमचीच माणसं भट्टीपुढे बसून मोडीचं सोनं-चांदी गाळतात, शुद्ध करतात. देशभरातल्या बायकांच्या अडीनडी ज्यांच्या मुशीतून जातात, ते गलाईवाले घरी सांगून ठेवतात, "गहाण ठेवा, पण मोडू नका." २०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद झाली आणि यातली बरीच मंडळी गावी परतली, तेव्हा वर्षभर कुलूप असलेल्या घरांत चुली पेटल्या. तेव्हाही पहिले काही दिवस निघाले ते शेजारच्या घरातल्या ज्वारीवर.

पत्रकात शेजारी हे कलम नाही. का नाही ते कळत नाही, कारण एवढी स्वस्त आणि इतकी चांगली सोय दुसरी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. जिल्हा एकच, पण एका टोकाला माणसं पत्र्यावर बसलेली आणि आमच्याकडे अजून पेरणीजोगा पाऊस कधी पडेल याची चर्चा. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत भाकऱ्या थापल्या गेल्या. ज्वारीची कडक भाकरी, वर शेंगादाण्याची चटणी आणि खर्डा. हे खाणं कित्येक दिवस खराब होत नाही आणि खाऊन उरलं तर चुरून पुन्हा खाता येतं. आक्का थापता थापता म्हणाली, "आपल्याकडं पाणी न्हाय, त्यांच्याकडं लई झालं. वाटून दिलं असतं तर दोघांचंबी भागलं असतं." पाटबंधारे खात्याला जे म्हणायला कित्येक वर्षं लागली, ते तिनं एका भाकरीत म्हटलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये तसं एकदा झालंही होतं: मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला गेली. टीव्हीवर ती गाडी बघताना आमच्या घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "आपल्यावरनं गेली नव्हं?" एवढंच आक्कानं विचारलं.

राहिली कागदपत्रं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर बरेच दिवस आमच्या भागातली माणसं अंगणात झोपली. तेव्हापासून घरात दारामागच्या खुंटीला एक बोचकं असतं. आधी आजी सांभाळायची, आता आक्का. सातबारा, रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी आणि नव्यानं सामील झालेली सगळ्यांची आधारकार्डं. पिशवी प्लॅस्टिकची, वरची गाठ आक्काची. ती गाठ तिच्याशिवाय कुणाला सुटत नाही, एवढीच सुरक्षाव्यवस्थेतली त्रुटी.

तर तयारीत आपण कमी नाही, असं माझं मत आहे. पैशानं तंग घर मुळात तयारीवरच चालतं. आपली खोट दुसरीकडे आहे. आपण ठेवतो, पण ठेवलेलं बघत नाही. औषधाच्या डब्यातल्या निम्म्या गोळ्यांची मुदत संपलेली असते, काडेपेटी दमट असते, गॅसची नळी शेवटची कधी बदलली ते कुणालाच आठवत नाही आणि फळीवरच्या बॅटरीतले सेल फुटून त्यांची पांढरी पूड झालेली असते. वीज जाते तेव्हाच हे कळतं आणि तेव्हा दुकानं बंद असतात.

म्हणून हे वाचून झालं की आधी उठा. बॅटरी उघडा, सेल बाहेर काढून बघा. गळलेले असतील तर टाकून द्या, नवे आणा आणि ते आत न घालता पिशवीत शेजारी ठेवा. मग चष्मा लावून गोळ्यांच्या तारखा वाचा. आणि त्या बोचक्याची गाठ कशी सुटते, तेवढं घरातल्या आणखी एका माणसानं शिकून घ्या.