वशिल्याचा रकाना

कॅनडात कायमचं राहायला जायचा अर्ज आपला आपण भरणार, असं चारचौघांत म्हणून बघा. घरच्या घरी अपेंडिक्स काढायला निघालेल्या माणसाकडे बघावं तसे लोक बघतात. 'अरे, आयुष्याचा प्रश्न आहे, चार पैसे गेले तर गेले,' असं म्हणणारे तेच लोक भाजीवालीकडून मूठभर कोथिंबीर फुकट काढून घेतात. माझं मत असं, की कुशल नोकरदारांना गुण मोजून निवडणाऱ्या एक्सप्रेस एन्ट्रीच्या सरळ अर्जासाठी पैसे मोजून सल्लागार लावायची गरज नसते. तरी आपण तो लावतो, कारण आपला स्वभाव. आपला म्हणजे माझासुद्धा. वशिल्याशिवाय जगात पान हलतं यावर माझा मनापासून विश्वास नाही. गॅसच्या सिलिंडरपासून नाटकाच्या तिसऱ्या रांगेपर्यंत 'आपला माणूस' शोधण्यात माझी उमेद खर्ची पडली आहे, आणि तो सापडला की आपण कुणीतरी आहोत असं दोन दिवस वाटत राहतं. सल्लागाराच्या काचेच्या केबिनमध्ये बसल्यावर माझ्यासारख्याला हेच सुख मिळतं. माहिती तर सरकारी संकेतस्थळावर फुकट पडलेलीच असते. फुकट असते म्हणूनच तिच्यावर विश्वास बसत नाही.

गंमत अशी, की ही गुणांची पद्धत आली तीच आतल्या माणसाच्या मर्जीला आळा घालायला. 1908 साली कॅनडाने नियम केला, की येणाऱ्याने मायदेशातून थेट, मध्ये कुठे न थांबता यावं. वाचायला किती साधा! फक्त हिंदुस्थानातून तसं थेट येणं जवळजवळ अशक्यच होतं. 'हिंदी माणूस नको' असं एक अक्षर न लिहिता काम झालं. 1914 मध्ये कोमागाता मारू ही बोट 376 प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली, दोन महिने बंदरात खोळंबली आणि मोजकी माणसं वगळता बाकी सगळ्यांना घेऊन माघारी फिरली. कलकत्त्याजवळ बजबजला उतरल्यावर त्यांच्यावर गोळीबार झाला, त्यात माणसं मेली. शिक्षण, वय, भाषा, हुन्नर यांना आकडे लावणारा तक्ता कॅनडाने आणला तो 1967 मध्ये. माणसाला आकडा लावण्यात मला एरवी काही थोर दिसत नाही. पण ज्या खिडकीवर साहेबाच्या नजरेवर नशीब ठरायचं, त्या खिडकीवर छापील तक्ता लागला, ही लहान गोष्ट नव्हे. आता त्या तक्त्यामागे कुणी ओळखीचा उभा आहे का, हे बघायला आपण पैसे देतो.

खरं तर तक्ता आपल्याला नवा वाटायला नको. आपल्या पत्रिकेत आठ कूटं, त्यांना एक ते आठ गुण, बेरीज 36, आणि 18 जुळले की बैठक बसते. तिकडे कुशल कामगारासाठी सहा घटक, बेरीज 100, आणि 67 झाले की दारात उभं राहता येतं. आपल्याकडे नाडीला सगळ्यात जास्त, 8. तिकडे भाषेला, 28. मग दारात जमलेल्यांची 1,200 गुणांची दुसरी मोजणी होते आणि वरच्यांना बोलावणं जातं. फरक इतकाच, की पत्रिकेत मंगळ निघाला तर शांत करता येते. तिकडे वयाची शांत नाही. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे 100 गुण, मग दर वाढदिवसाला पाच कमी, चाळिशीनंतर दहा-दहा कमी, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. आपण केक कापत असतो तेव्हा तिकडे गुण कापले जातात. अनुभवाची तऱ्हा याहून बोचरी. कॅनडाबाहेरच्या नोकरीचा अनुभव या दुसऱ्या मोजणीत तीन वर्षांपर्यंतच वाढतो; त्यापुढे तुमची अठरा वर्षं आणि शेजारच्या पोराची तीन, दोन्ही एकाच भावाने. 'सीनियर', 'चीफ', 'व्हाइस प्रेसिडेंट' या उपाध्यांना तर तक्त्यात रकानाच नाही. रोज हाताने काय करता, एवढंच विचारतात. या प्रश्नाचं खरं उत्तर 'मीटिंगला बसतो' असं असलेल्या माझ्यासारख्यांची तिथे पंचाईत होते. सल्लागाराची खरी सेवा इथे कळते. सरकारी संकेतस्थळावरचं गुण मोजणारं गणकयंत्र फुकटात आपली किंमत सांगून मोकळं होतं. सल्लागार पैसे घेऊन 'सर, तुमचं प्रोफाइल स्ट्राँग आहे' असं सांगतो. अपमान फुकट आणि कौतुक विकत असलं की आपण कुठे जाणार हे उघड आहे.

अर्ज नवऱ्याच्या नावाने करायचा की बायकोच्या, हा प्रश्नही आपल्या घरात प्रश्न म्हणून येत नाही. रेशन कार्डावर, लाइटच्या बिलावर आणि दाराच्या पाटीवर ज्याचं नाव, तोच मुख्य अर्जदार. पण मुख्य अर्जदाराचंच वय मोजतात, जोडीदाराचं नाही. मुलगा मुलीपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा हवा, हा आग्रह आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या धरला. त्याचं फळ असं, की तिशी ओलांडलेल्या जोडप्यात बाकी सगळं सारखं असेल तर बायकोच्या नावाने अर्ज केल्यास पंधरा-वीस गुण आपसूक जास्त पडतात. तिने मुलासाठी मध्येच नोकरी सोडली असली तरी गेल्या दहा वर्षांतली तीन वर्षं पुरतात, आणि नवऱ्याची अठराही तीनच धरतात हे वर आलंच आहे. दोन्ही बाजूंनी आकडेमोड करायला वीस मिनिटं लागतात. त्यानंतर घरात जी शांतता पसरते तिला जास्त वेळ लागतो. अशा वेळी त्रयस्थ सल्लागार हवासा वाटतो हे मी समजू शकतो. पण ते काम एखादी मावशीही करते, आणि चहावर करते.

गुण वाढवून देतो असं सांगणाऱ्यांबद्दलही थोडं हिशेबानेच बोलू. समजा मास्टर्सची पदवी आहे, तीन वर्षं नोकरी झाली आहे आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बाकी तिन्ही विभाग चांगले गेले, फक्त लेखनात साडेसहा पडले. त्या साडेसहाचे सात झाले तर जोडीदारासह केलेल्या अर्जात भाषेचे सात गुण वाढतात, आणि भाषा-शिक्षण व भाषा-अनुभव अशा जोडगुणांचे आणखी 50. एकूण 57. अर्ध्या पट्टीला 57 गुण देणारी दुसरी जागा अख्ख्या तक्त्यात मला दिसत नाही. या परीक्षेत लिहायचं काय असतं? दीडशे शब्दांचं पत्र आणि अडीचशे शब्दांचा निबंध. पत्र पुष्कळदा तक्रारीचं. ज्या समाजाने वर्तमानपत्रांचा वाचकांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं खड्डे, भोंगे आणि शुद्धलेखन यांच्यावर जिवंत ठेवला, त्याने तक्रारीच्या पत्रात साडेसहावर अडकावं? आपण अडकतो, कारण मुद्द्यावर यायच्या आधी आपल्याला तीन ओळी नमस्कार आणि इतिहास लागतो. हा लेखही त्याला अपवाद नाही. ती सवय मोडायला एका चांगल्या शिक्षकाकडे महिनाभर घासावं लागतं. पोर्टलचा पासवर्ड सल्लागाराला देऊन ती मोडत नाही.

आता नावांबद्दल. या विषयावर मला थांबवू नये. पासपोर्टवर नावाचे दोन भाग: दिलेलं नाव आणि आडनाव. आपलं नाव तीन भागांचं. मधला भाग मुलीच्या पदवीवर वडिलांचा, बँकेच्या पासबुकावर नवऱ्याचा. गुणपत्रिकेवर आडनाव सगळ्यात आधी, आणि शेवटी कधी आईचंही नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिणाऱ्या घरात तर पहिला भागही बदललेला. म्हणजे माहेरची सुनीता दत्तात्रय आणि सासरची मधुरा संदीप ही एकच बाई, हे राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला या तिघांनी मिळून सिद्ध करायचं. त्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव घातलं, वडिलांच्या आधी. निर्णय उत्तम, पण त्यामुळे थोरल्याच्या आणि धाकटीच्या नावाची घडण वेगळी झाली, आणि ही सख्खी भावंडं आहेत हे ओटावातल्या माणसाला समजावायची जबाबदारी पालकांवर आली. वर अर्ज विचारतो: आणखी कोणत्या नावांनी ओळखले जाता? टोपणनावंसुद्धा चालतील. मराठी माणसाला हा प्रश्न विचारू नये. बंड्या, बाळ्या, पप्पू, तात्या, छोटे काका आणि ऑफिसात पाठीमागे घेतलं जाणारं ते एक, यांतलं कोणतं अधिकृत? आणि रोमन लिपी! काळ्यांचं आडनाव इंग्रजीत लिहिलं की तिकडे ती पालेभाजी होते. दाते म्हणजे तारीख किंवा खजूर, वाचणाऱ्याच्या भुकेवर अवलंबून. मोरे म्हणजे 'आणखी'. एकटे साने भाग्यवान. त्यांना जन्मतःच इंग्रजीत शहाणपणाचं प्रमाणपत्र मिळालेलं असतं. 'ळ' तर बिचारा विमानतळापर्यंतही पोचत नाही. यात मुद्दा एवढाच, की हा गुंता तुमच्या घरातला आहे आणि कोणत्या कागदावर कोण कसं लिहिलं गेलंय हे घरच्यांनाच ठाऊक असतं. सल्लागार लावला तरी तो हा सगळा तपशील तुमच्याकडूनच लिहून घेतो.

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. नियम सारखे बदलतात, हा पहिला. बदलतात खरे: नोकरीच्या ऑफरचे जादा गुण 25 मार्च 2025 पासून गेले. पण ते बदल जाहीर होतात, आणि सल्लागारही ते तिथेच वाचतो. चूक महागात पडते, हा दुसरा, आणि जास्त वजनाचा. बोलावणं आल्यावर साठ दिवसांत सगळं भरायचं असतं, आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं दार बंद होतं. पण ती पाच वर्षं सल्लागाराला नाही, तुम्हाला भोगावी लागतात. 'मी नुसती सही केली' हे आपलं राष्ट्रीय समर्थन तिकडे उपयोगी पडत नाही. शिवाय पैसे घेऊन सल्ला द्यायचा परवाना कॅनडाच्या सल्लागार कॉलेज या नियामक संस्थेच्या सभासदांना, तिथल्या वकिलांना, पॅरालीगलांना आणि क्विबेकच्या नोटरींनाच आहे. परवाना नसलेला फॉर्म भरतो आणि स्वतःचं नाव कुठे येऊ देत नाही. अशांना तिकडे 'भूत सल्लागार' म्हणतात. आपल्याकडे मुंजा निदान पिंपळ सोडत नाही, याचा पत्ता दर वर्षी बदलतो. वेळ नाही, हा तिसरा आक्षेप. पण विद्यापीठाच्या खिडकीवर गुणपत्रिकांच्या शिक्का मारलेल्या बंद पाकिटासाठी तुम्हीच उभे राहणार, आणि जुन्या कंपनीच्या एचआरला कामाच्या स्वरूपासह पत्र द्या म्हणून तुम्हीच गळ घालणार. सरकारी फीही चुकत नाही: 30 एप्रिल 2024 पासूनच्या दराने नवरा, बायको, दोन मुलं आणि बोटांचे ठसे धरून ती 3,740 डॉलर होती. एक सवलत मी मोकळेपणाने देतो: आधी व्हिसा नाकारला गेला असेल, कोर्टकचेरी असेल, घटस्फोटानंतर मुलांच्या ताब्याचा वाद असेल, तर परवानाधारक माणसाकडे जावं, आणि फीबद्दल कुरकुरू नये. बाकीच्यांनी स्वतः बसावं.

बसल्यावर जे समोर येतं ते मात्र कुणी आधी सांगत नाही. गेल्या दहा वर्षांचे सगळे पत्ते हवे असतात, मध्ये एका महिन्याचंही भोक न सोडता. भाड्याच्या घरांचे नंबर, मालकांची नावं, 'विंग बी की सी' यांवरून नवरा-बायकोचं वाजतं. 'त्या दोन वर्षांत तू काय करत होतीस' या रकान्यात लहान मूल, सासूची शुश्रूषा आणि उष्ट्या डब्यांची दोन वर्षं एका शब्दात मावतात: 'बेरोजगार'. हा शब्द सल्लागाराने टाइप केला असता तर नवऱ्याला तो दिसलाही नसता. मग कुटुंबाचा आकार येतो. त्यात जोडीदार आणि बावीस वर्षांखालची अविवाहित मुलं धरतात. आईवडील धरत नाहीत. खर्चाला किती पैसे शिल्लक दाखवायचे त्या हिशेबातही ते नाहीत. पण माहिती त्यांची लागते. वडिलांची जन्मतारीख: 1 जून. आईची: 1 जून. सासऱ्यांचीसुद्धा 1 जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली ही तारीख त्या अख्ख्या पिढीला एकाच दिवशी जन्माला घालून बसली आहे, आणि तिकडचा अधिकारी हा कुठल्या पंथाचा नियम म्हणून चक्रावत असेल. त्यापुढे त्यांचा सध्याचा पत्ता. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. एवढ्या मोठ्या अर्जात कुठलाही कागद न शोधता, कुणाला न विचारता लिहिता येतो तो हाच.