किल्ली बॉक्सबरोबर गेली

आईने सेट-टॉप बॉक्समध्ये मालिकेचे बेचाळीस भाग साठवले होते, लोणच्याची बरणी राखावी तसे. परवा बॉक्सने मान टाकली. मेकॅनिकने आतली हार्ड डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडून पाहिली. लॅपटॉपला काही वाचता येईना. "जुनं रेकॉर्डिंग विसरा, काकू," तो म्हणाला. ते सांकेतिक रूपात साठवलेलं, आणि त्याची किल्ली त्याच बॉक्सपाशी. बॉक्सबरोबर किल्लीही स्वर्गवासी.

म्हणजे बटण आपण दाबायचं, वर्गणी आपण भरायची, माल मात्र कंपनीचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये बेटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात घरी टेप करून नंतर पाहणं कायदेशीर ठरवलं. ती टेप निदान दुसऱ्या मशीनमध्ये तरी चालायची! आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-ए आलं: हक्कभंगाच्या हेतूने असलं कुलूप तोडलंत, तर दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. आईचा हेतू एवढाच, की सासूचं कारस्थान उघडं पडलं का ते कळावं.

नवा बॉक्स आला आहे. आई मात्र आता रोज साडेसातला कुकर बंद करून टीव्हीसमोर हजर असते.