फ्लेक्स लागण्याआधी

बीड जिल्ह्यात तरुण पोरगा गेला की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. वर फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली मित्रमंडळाच्या नावांची रांग. मग पुढाऱ्यांच्या गाड्या येतात, आईच्या पाठीवर हात ठेवल्याचे फोटो निघतात. सगळं गाव जमतं. हेच पोरगं महिनाभर आधी ‘करमंना झालंय’, ‘डोकं बधिर झालंय’ म्हणत होतं, तेव्हा त्याला टेकायला एक जागा आणि ऐकून घ्यायला एक शिकलेला माणूस या गावात होता का? मला एवढंच विचारायचं आहे.

2024 च्या लोकसभा निकालानंतर बीड-लातूर भागात पंकजा मुंडे यांच्या पराभवानं खचून तरुणांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. स्वतः मुंडे यांना ‘असं करू नका’ म्हणून सांगावं लागलं. त्याआधी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मनोज जरांगे यांनाही पोरांची हीच विनवणी पुन्हा पुन्हा करावी लागली होती. माझ्या मते एकट्या निकालानं किंवा एकट्या मागणीनं कुणी जीव देत नाही. त्यामागे बऱ्याच दिवसांचं साचलेलं असतं: भरतीत दोनदा हुकलेला नंबर, बापाचं कर्ज, न जमणारं लग्न, रात्रभर न लागणारी झोप. शेवटचं कारण तेवढं चिठ्ठीत येतं आणि तेच बातमीत येतं. म्हणून सर्व पक्षांच्या, सर्व जातींच्या कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे की अशा मृत्यूला बलिदान म्हणणं आजपासून थांबवा. तुम्ही त्याचं बलिदान करता, तेव्हा गर्दीत मागे उभ्या असलेल्या पुढच्या खचलेल्या पोराला तुम्ही वाट दाखवता.

सरकारची नजरही मरणानंतरच उघडते. 2023 मध्ये मराठवाड्यात 1,088 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यातल्या 269 एकट्या बीड जिल्ह्यातल्या. विभागात सर्वांत जास्त. या प्रत्येक मृत्यूनंतर समिती बसते आणि तिच्यापुढे प्रश्न असतात: जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का? मग शेरा पडतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. बारावीच्या निकालाआधी कोलमडलेली मुलगी या तक्त्यात कुठे बसते? अठ्ठाविशीला पोलीस भरतीचं वय संपलेला मुलगा कुठे बसतो? कुठेच नाही. त्यांच्यासाठी रकानाच नाही.

2015 साली राज्यानं विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेला माणूस ओळखायचा, 104 क्रमांकावर समुपदेशन मिळायचं, गरज पडली तर जिल्हा रुग्णालयात उपचार. कल्पना चांगली होती, आजही चांगली आहे. पण आशाताईच्या पाठीवर लसीकरण आहे, बाळंतपण आहे, क्षयाची शोधमोहीम आहे, प्रत्येक नवी नोंदवही आहे. तिनं उंबऱ्यावर उभं राहून ‘झोप लागते का, जगावंसं वाटतं का’ असं विचारायचं, आणि आत सासू, दीर, शेजारीण कान देऊन बसलेले. असल्या घरात अठरा वर्षांचं पोरगं खरं उत्तर देईल?

पोरांना घराबाहेरची जागा लागते. मुलग्यांना निदान पार आहे, टपरी आहे, व्यायामशाळा आहे. तिथे बोलणं होतं, पण मनातलं होत नाही. रडणाऱ्या पोराची तिथे थट्टा होते आणि संध्याकाळी एखादा दोस्त बाटली काढतो. मुलींना तर तेवढीही जागा नाही. मुलगी शाळेत असते किंवा घरात असते. तिसरीकडे दिसली की चर्चा सुरू होते आणि चर्चा सुरू झाली की स्थळं बघायला लागतात.

दोन आकडे इथे शेजारी ठेवतो. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आधी मुली जन्मू दिल्या नाहीत, आणि ज्या जन्मल्या त्यांना लवकर उजवून टाकलं. त्या 807 च्या पिढीतली पोरं आता पंधरा ते एकविशीत आहेत. मुलग्याला वाटतं आपलं लग्न होणार नाही, मुलीला वाटतं आपलं उद्याच होईल. दोघांचीही झोप उडालेली आणि दोघांनाही ते घरात बोलता येत नाही.

त्यात कोयता. ऊसतोडीची उचल जोडीवर मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. म्हणून सतरा-अठराच्या पोराचं लग्न उरकून कोयता पूर्ण केला जातो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्या पाच-सहा महिन्यांत गावात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. पंधरा वर्षांची मुलगी आजीचं दुखणं, धाकट्या भावंडांची भाकरी आणि स्वतःची दहावी एकदम ओढते. आई-बाप फोनवर विचारतात, ‘जेवलीस का?’ ती म्हणते, ‘हो.’ पुढचं काही ती सांगत नाही, कारण फडात ऐकणाऱ्या आईच्या हातात काही नाही हे तिला कळतं.

शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीत दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 2000 साली ‘शांतिवन’ उभं केलं ते याच पोरांसाठी. ऊसतोड मजुरांची, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं तिथे राहतात, शिकतात. मनाचं आरोग्य म्हणून मोठा शब्द वापरण्याआधी हे बघावं: रात्री कुठे झोपायचं आणि सकाळी कोण उठवणार हे ठरलेलं असलं की मुलाच्या मनावरचं अर्धं ओझं उतरतं. हंगामी वसतिगृहाच्या मंजुरीला सरकार उशीर करतं, तेव्हा ते केवळ शाळेचं नुकसान नसतं. टोळी गेल्यानंतर सुरू झालेलं वसतिगृह काय कामाचं? तोवर पोरगं फडावर पोचलेलं असतं.

उपचाराचं काय? जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार मिळतो. पण आष्टीहून अंबाजोगाई म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. एक दिवसाची मजुरी बुडणार, सोबतीला एक माणूस लागणार, आणि गावाला काय सांगून निघायचं हा वेगळाच प्रश्न. नैराश्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. कार्तिकात गोळ्या सुरू झाल्या आणि टोळी सांगलीच्या फडावर गेली की उपचार तिथेच तुटला. 2019 साली ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं, चौकशी समिती बसली, जाण्याआधी आणि आल्यानंतर मजुरांची आरोग्य तपासणी करण्याचं ठरलं. त्याच तपासणीत मनाचे दोन प्रश्न घाला: गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही असं झालं का, आणि सतत उदास वाटतं का? गोळ्यांची चिठ्ठी कार्डावर लिहा, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यात त्या पुढे मिळतील. यासाठी नवा कायदा लागत नाही.

माणसं कुठून आणायची, असं अधिकारी विचारतात. मानसोपचारतज्ज्ञ गावोगाव मिळणार नाहीत, खरं आहे. पण हा प्रश्न इतरांनी सोडवलेला आहे आणि आपल्याच राज्यात सोडवलेला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 2013 नंतर ‘आत्मीयता’ हा प्रयोग झाला. पुण्याच्या एका संस्थेनं गावातलीच माणसं निवडली, ज्यांच्याकडे लोक तसेही मन मोकळं करायला जातात अशी. त्यांना ऐकायचं कसं, प्रश्न सोडवायला बसायचं कसं, दवाखान्यात कधी पाठवायचं, हे शिकवलं. या गावमित्रांनी खचलेल्या माणसाला चार-सहा बैठकांत धीर दिला आणि सोबत निराधार योजनेचा अर्जही भरून दिला. हे दुसरं काम मला फार मोलाचं वाटतं. ज्याचं दुःख पैशाचंही आहे, त्याला नुसतं ‘सकारात्मक राहा’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे. पुढे हाच प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठा झाला. झिंबाब्वेत हरारेमध्ये दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून आज्या हेच करतात, 2006 पासून.

शिक्षकांवर मात्र हे ओझं टाकू नका. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात शाळांमध्ये एक मोठा अभ्यास झाला, 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही शाळांत कार्यक्रम शिक्षकांकडे दिला, काहींत केवळ याच कामासाठी नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे. जिथे वेगळा माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दमदाटी कमी झाली. जिथे शिक्षकांकडे काम दिलं तिथे फरक पडला नाही. कारण उघड आहे. जो मार्क देतो, छडी उगारतो आणि घरी फोन लावतो, त्याच्यापाशी मूल मन कसं उघडेल? तरीही आपल्याकडे परिपत्रक निघतं आणि एका गुरुजींना ‘समुपदेशक’ म्हणून जाहीर केलं जातं.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि यात खासगी क्लासही आले. बीड शहरातल्या क्लासच्या गल्ल्यांत फिरून पालकांनी फी भरण्याआधी विचारावं, ‘तुमचा समुपदेशक कोण? कुठे बसतो?’ निकालाचे फ्लेक्स लावणाऱ्यांकडे या प्रश्नाचं उत्तर असलंच पाहिजे. पाटोद्याच्या एखाद्या साठ मुलांच्या शाळेला न्यायालयानं बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायला सांगितलं आहे. ती जोडणी कागदावर राहणार की शनिवारी दुपारी खरा माणूस येणार, हे शिक्षण विभागानं जाहीर करावं.

किशोरवयीन मुलांसाठी सरकारचा कार्यक्रम 2014 पासून आहे. त्यात मनाचं आरोग्य लिहिलेलं आहे, गावातल्या मुलामुलींमधूनच समवयस्क मित्र तयार करायचं लिहिलेलं आहे, दवाखान्यात ‘मैत्री क्लिनिक’ आहे. पण मुलं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. ती अभ्यासिकेची पायरी चढतात. आज कितीतरी गावांत अभ्यासिका आहे, पोरं पहाटे चारपासून तिथे बसतात, आणि तिथे जाण्याचं कारण घरी सांगावं लागत नाही. म्हणून सुरुवात तिथून करा. अभ्यासिकेला लागून एक खोली, आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, प्रशिक्षण घेतलेली एक ताई आणि एक दादा. दोघांना मानधन, आणि ते दर महिन्याला. नावाची नोंद दाराशी नको, सांगितलेलं बाहेर जाणार नाही याची हमी हवी, आणि प्रकरण गंभीर वाटलं तर अंबाजोगाईच्या डॉक्टरांना थेट फोन लावता यायला हवा. मुलींसाठी वेगळी वेळ, दिवसा उजेडी, त्या वेळी अभ्यासिका फक्त त्यांची. अंबाजोगाईत मानवलोक संस्थेनं आणि शैला लोहियांच्या मनस्विनी प्रकल्पानं चाळीस वर्षांपूर्वी बायकांना एकत्र बसवायला सुरुवात केली, तेव्हाही लोक म्हणालेच होते की बायका घर सोडून बसतील कशा. बसल्या.

घरच्यांसाठी एक कायद्याची गोष्ट, कारण भीतीपोटी फार कुटुंबं गप्प बसतात. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या पोरावर गुन्हा दाखल होईल म्हणून दवाखान्यात खोटं सांगू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच मानायचं, शिक्षा करायची नाही, असं ठरवलं. जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उरलेलं नाही. सरकारी माणसावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचा तेवढा अपवाद आहे. डॉक्टरला खरं सांगा. आणि मध्यरात्री कुणीच सापडत नसेल तर 14416 हा ‘टेली-मानस’चा क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. साप चावला तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे गावातलं लहान पोरही सांगतं. हा क्रमांक तसाच पाठ असायला हवा.

पैसा नाही, हे उत्तर सरपंचांनी देऊ नये. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून मुलींच्या वेळेचा खर्च निघेल. ताई-दादांचं मानधन जिल्हा परिषदेनं द्यावं, जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या अकरा तालुक्यांतलं प्रत्येकी एक गाव निवडून टोळ्या निघण्याआधी खोल्या उघडाव्यात. येत्या ग्रामसभेत हा विषय पोरापोरींनी स्वतः लेखी द्यावा, त्यावर पोच घ्यावी, आणि ठराव झाला नाही तर तसं इतिवृत्तात लिहायला लावावं.