वीतभर खाली इंग्लंड

इंग्लंडात हातोडा हरवला तर लोक नवा आणत नाहीत, मेटल डिटेक्टरवाला मित्र गाठतात. सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी 1992 च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याने हेच केलं. मित्र यंत्र घेऊन रानात गेला आणि हातोड्याऐवजी रोमन काळातला खजिनाच हाती लागला: सोन्याचांदीची जवळजवळ 15,000 नाणी, दागिने, चांदीचे चमचे. मागाहून हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. म्हणजे एवढं होऊन शेतकऱ्याला हातोडा नवाच घ्यावा लागला असणार.

ही कथा भाचेजावयांनी आम्हाला इप्सविच स्टेशनवरच ऐकवली, बॅगा गाडीत चढवण्याआधी. भाची म्हणाली, "मामा, रविवारी हे घरी नसतात. आता तुम्हीच काय ते सांगा." मी सांगणार तोच जावईबापू म्हणाले, "मामा, उद्या चला तर. खोलीची चाचणी आहे." सासरच्या माणसाला खोलीची चाचणी म्हटल्यावर आधी भाड्याची खोली आठवते, पण मी गप्प राहिलो.

ऑगस्ट सरत आला होता. गहू निघालेला, रानात नुसती धसकटं. इथे शेतकऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय यंत्र चालवता येत नाही, त्यामुळे त्याच्या ट्रॅक्टरचं कौतुक करण्यात पहिला अर्धा तास गेला. मग गोठ्यामागच्या बांधावर मंडळी जमली. प्रत्येकाच्या यंत्राची खोली त्याच्या बोलण्यात वेगळी होती. जावईबापूंचं फूटभर, त्यांच्या मित्राचं दीड फूट, आणि एक गृहस्थ पुरुषभर खोलीच्या गोष्टी सांगत होते. त्यांनी यंत्र मात्र घरी ठेवलं होतं.

चाचणीचे पंच होते एक आजोबा. त्यांनी खड्डा खणून नाणं पुरायला साफ मनाई केली. उकरून पुन्हा भरलेली माती आणि वर्षानुवर्षं बसलेली माती सारखी नसते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचा पाइप तिरका जमिनीत घातला होता. त्यातून नाणं हव्या त्या खोलीवर सरकवायचं, वरची माती जशीच्या तशी. नाणं होतं राणी व्हिक्टोरियाच्या काळातली तांब्याची पेनी, आपल्या जुन्या ढब्बू पैशाच्या तोडीची.

यंत्राचं काम तसं सरळ आहे. खालची तबकडी, म्हणजे कॉइल, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्याने धातूत विजेचे भोवरे उठतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइलकडे परत येतो. पण हे उसनवारीसारखं आहे, जाताना भरघोस, येताना नाममात्र. लहान वस्तूची खोली दुप्पट झाली की परतीचा संकेत निम्मा होत नाही, साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. हा हिशेब कळल्यावर खोक्यावर छापलेल्या खोलीकडे मी जरा सहानुभूतीने पाहू लागलो.

दहा सेंटिमीटरवर पेनी खणखणीत वाजली. वीसवरही स्वच्छ. पंचविसावर जावईबापूंना ऐकू आली, मला नाही. मग आजोबांनी नाणं वीसवरच पण उभं ठेवलं, आणि व्हिक्टोरिया राणी अंतर्धान पावली. आडव्या नाण्याचा संकेत चांगला येतो, उभ्याचा पडतो. मित्राने मोठी कॉइल लावली. पेनी आणखी दोन बोटं खोल सापडली, पण वर ठेवलेला चांदीचा चिमुकला सिक्सपेन्स हुकला.

आता चाळीस सेंटिमीटर. आजोबा पाइपापाशी वाकले, बराच वेळ खुडबुड केली. जावईबापूंनी डोळे मिटले, हेडफोन कानाशी दाबले आणि कॉइल हलवू लागले.

"वाजतंय का हो?" हिने विचारलं.

"मामी, बारीक आहे, पण स्वच्छ आहे!"

हिने मूठ उघडली. पेनी तिच्या हातात होती. आजोबांनी ती मघाशीच तिच्याकडे दिली होती. परक्या देशात, परक्या भाषेत, जावयाविरुद्धच्या कटात ही इतक्या चटकन सामील होईल असं मला वाटलं नव्हतं.

आजोबांनी जावयांची समजूत काढली ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या दाखल्याने. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात अडकलेली गोळी शोधायला बेलने असंच यंत्र बनवलं होतं. गोळी काही सापडली नाही. अध्यक्षांच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ केला असं म्हणतात. शिवाय डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली आणि शवविच्छेदनात गोळी निघाली डावीकडे. तेव्हा डोळे मिटून ऐकणाऱ्याची परंपरा थोर आहे.

राहवेना म्हणून मी खिशातला आपला जुना रुपया पाइपात सोडला. यंत्र खर्जात घुरघुरलं, मधेच चिरकलं. "लोखंड," जावईबापू म्हणाले, "असलं आम्ही उकरत नाही." रुपया स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटणारा, त्यामुळे यंत्राचं तसं चुकलं नव्हतं. तरी त्या क्षणी माझं देशप्रेम उफाळून आलं.

दुपारी प्रत्यक्ष रानात हिंडलो. डब्यांच्या झाकणांच्या कड्या, बंदुकीच्या काडतुसांची बुडं आणि कोटाचं एक पितळी बटण एवढं निघालं. सगळं वीतभर खोलीच्या आत. याचं कारण नांगर. तो दरवर्षी वरचा थर उलथतो आणि खालचं वर आणत राहतो. रानात सापडतं ते बहुतेक याच थरात. म्हणजे ज्या खोलीसाठी सकाळभर भांडलो, तिथे बहुधा कुणाला जावंच लागत नाही.

सोनंनाणं सापडलंच तर तिकडे 14 दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. संशयास्पद मृत्यूची चौकशी करतो तोच हा अधिकारी.

हे वाचून कुणाला वाड्याच्या परसात आजोबांनी पुरलेला हंडा आठवला असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दख्खनची माती बेसॉल्टची, तिच्यातल्या लोहखनिजांमुळे यंत्र सफोकपेक्षा इथे जास्त चाचपडतं. संरक्षित गडकिल्ल्यांवर विनापरवाना खणणं गुन्हा आहे, तिथे यंत्र नेऊच नका. आणि 1878 चा निखात निधी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. जमिनीतून निघालेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर कलेक्टरला कळवावं लागतं.