मठ्ठ्याचा पंचनामा

मठ्ठा पातळ होता. हे विधान मी आजही मागे घेणार नाही. साडूभाऊंच्या मुलीचा साखरपुडा सांगलीला झाला. जिलेबी झकास होती, मसालेभात मी दोनदा घेतला, पण मठ्ठा पातळ तो पातळच. परतीच्या गाडीत मी ‘फक्त घरचे’ या ग्रुपवर एवढंच लिहिलं की, वाटीच्या तळाला कोरलेलं केटररचं नाव मला मठ्ठ्यातून स्वच्छ वाचता आलं. मोबाइल नंबर असता तर तोही उतरवून घेतला असता.

‘फक्त घरचे’मध्ये आम्ही चौघं. मी, बायको, मेहुणा आणि मेहुण्याची बायको. बायकोच्या माहेरचा मोठा ग्रुप वेगळा. त्याचं नाव ‘कुलस्वामिनी कृपा’, सभासद ३७, कारभार साडूभाऊंकडे. ३७ जणांत खरं बोलता येत नाही म्हणून तर हा चौघांचा संसार थाटलेला. मेहुण्याने लगेच तीन हसरे चेहरे टाकले. वहिनींनी ‘काहीतरीच हं भावोजी’ असं लिहून आहेराच्या साडीच्या पोताबद्दल स्वतःच्या चार ओळी जोडल्या. बायकोने नुसता अंगठा दाखवला. मैफल संपली.

मंगळवारी रात्री साडेनऊला साडूभाऊंनी हा सगळा संवाद जसाच्या तसा ‘कुलस्वामिनी कृपा’वर टाकला. चित्ररूपाने. खाली एकच ओळ होती : ‘पाहुण्यांचं मत शिरसावंद्य.’

ज्या ग्रुपवर सकाळी गुलाबाचं फूल टाकलं की अर्ध्या तासात चोवीस नमस्कार येतात, तिथे पाऊण तास कुणी हूं की चूं केलं नाही. बायको स्वयंपाकघरातून फोन हातात घेऊनच आली. “अहो, हे काय आहे?” मी म्हटलं, “हा माझ्या खासगीपणावर घाला आहे.” ती म्हणाली, “ते कळलं. ताईला मी काय तोंड दाखवू?”

मला मात्र एकदम राज्यघटना आठवली होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलेलं आहे की, खासगीपणा हा या देशातल्या माणसाचा मूलभूत हक्क आहे. सरकारने माझ्या घरात डोकावू नये म्हणून नऊ न्यायमूर्ती बसले. मेहुण्याने डोकावू नये म्हणून कोण बसणार? (पहिला संशय मेहुण्यावर. का, ते पुढे येईल.)

आणि व्हॉट्सॲप काय करत होतं? एरवी या ॲपच्या पोटात काही राहत नाही. समोरचा लिहितोय, ते सांगतं. लिहिता लिहिता थांबला, तेही दिसतं. पोचलं, वाचलं, सगळ्याच्या खुणा. त्यांतल्या निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या आणि २०१८ मध्ये थेट मुंबई उच्च न्यायालयात जाऊन उभ्या राहिल्या. क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेले एक गृहस्थ नोटीस घ्यायला सापडेनात, म्हणून ती पीडीएफ करून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली होती. खुणांवरून ती नुसती पोचली नाही तर उघडलीही गेली हे दिसतं, असं म्हणून न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती बजावणी मान्य केली. दोन निळ्या रेघांनी बेलिफाची नोकरी पटकावली म्हणायची. मी ती बातमी वाचली त्याच दिवशी माझ्या खुणा बंद केल्या. त्यात एक गोची आहे. आपल्या बंद केल्या की दुसऱ्यांच्याही आपल्याला दिसत नाहीत. हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

तर इतकं चुगलखोर ॲप, पण आपल्या वाक्याचा कुणी फोटो काढून नेला तर तोंडातून अवाक्षर काढत नाही. साधी एक ओळ यायला काय हरकत होती? ‘तुमच्या मेहुण्याने तुमचा मठ्ठा पळवला आहे.’ मी ताबडतोब तो संदेश सगळ्यांसाठी पुसून टाकला असता. २०१७ मध्ये ही पुसण्याची सोय आली तेव्हा मुदत सात मिनिटांची होती. २०२२ पासून दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. अर्थात पुसून काय होतं? जागेवर ‘हा संदेश हटवला’ अशी पाटी उभी राहते आणि ज्यांनी वाचलेला नसतो ते वाचलेल्यांना फोन करतात.

मुलगी एकोणीस वर्षांची आहे. घरातल्या तांत्रिक बाबींचं शेवटचं अपील तिच्याकडे. ती म्हणाली, “बाबा, स्नॅपचॅटवर कळतं.” कळतं खरं. २०११ मध्ये निघालेलं हे ॲप ‘पाहिलं की गेलं’ या वचनावरच मोठं झालं, आणि कुणी स्क्रीनशॉट काढला तर पाठवणाऱ्याला तशी वर्दी जाते. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बोट ठेवलं की, हे गेलेलं खरं म्हणजे जात नाही, आणि आयफोनच्या जुन्या प्रणालीवर ती वर्दी साध्या युक्तीने चुकवताही येते. तडजोड झाली आणि कंपनीवर २० वर्षांची देखरेख लागली. आपल्याकडे इतकी वर्षं देखरेख फक्त सुनेवर असते. इन्स्टाग्रामनेही २०१८ मध्ये स्टोरीचा स्क्रीनशॉट काढणाऱ्याचं नाव सांगायचा प्रयोग करून पाहिला आणि त्याच वर्षी गुपचूप गुंडाळला. लोकांना दुसऱ्याने काढलेला कळायला हवा होता, आपण काढलेला नको होता. मला त्या लोकांबद्दल फार आपुलकी वाटली.

मग रोखताच येत नाही का? येतं की. ‘एकदाच पाहा’वाला फोटो २०२१ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याचा स्क्रीनशॉट घेण्याची वाट बंद करण्यात आली. अँड्रॉइडमध्ये ॲप बनवणाऱ्याने आत तशी एक खूण करून ठेवली की फोन साफ नकार देतो किंवा काळाकुट्ट चौकोन हातात ठेवतो. बँकेच्या ॲपमध्ये हा अनुभव आपल्याला आहे. २०२४ मध्ये अँड्रॉइडवरच्या डीपीलाही हे कुलूप लागलं, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो लग्नं जमवणाऱ्या आमच्या मावशींना. मुलाचा डीपी उचलायचा, पत्रिकेबरोबर चार घरी पाठवायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची समाजसेवा. एका सकाळी फोन म्हणाला, जमणार नाही. मावशी डगमगल्या नाहीत. त्यांनी काकांचा फोन मागून घेतला आणि स्वतःच्या फोनचा फोटो काढला. हल्ली आमच्याकडे स्थळं येतात ती तिरकी. मुलाच्या कपाळावर ट्यूबलाइट असते, हनुवटीपाशी मावशींचा अंगठा, आणि काचेत अर्धवट उमटलेले काका. एका मुलीकडच्यांनी काकांचीच चौकशी केली होती.

थोडक्यात, तांत्रिक इलाज नाही, चोरच शोधावा लागेल असा निकाल मुलीने दिला. “तुमचा फोन द्या, मोठं करून बघू.” फोन देताना मी एक खबरदारी विसरलो. तिने गॅलरी उघडली आणि समोर ‘स्क्रीनशॉट’ नावाचा फोल्डर आला. आत १,१४६ चित्रं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘पाणीपुरवठा’ या शब्दाचे केलेले हाल, ऑफिसातल्या एकाने रागाच्या भरात दिलेला आणि अर्ध्या तासात मागे घेतलेला राजीनामा, साडूभाऊंचे वाटणीबद्दलचे संदेश (तारीखवार), आणि खुद्द मेहुण्याची ‘पुढच्या महिन्यात नक्की’ ही सात वेगवेगळ्या महिन्यांतली सात आश्वासनं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं, “ते संदर्भासाठी आहेत.”

मग ती साडूभाऊंच्या चित्राकडे वळली. तपास कसा करावा ते पोलिसांनी तिच्याकडून शिकावं. अगदी वरच्या पट्टीत वेळ होती ६:४२. बॅटरी ११ टक्के. कडा कुठेही कापलेल्या नाहीत; ग्रुपचं नाव, माणसांची नावं, सगळं शाबूत. ११ टक्क्यांवर फोन चालवणारा माणूस म्हणजे मेहुणा, असं मी लगेच सुचवलं. ती म्हणाली, “बाबा, हिरवं कुणाचं असतं?”

“कसलं हिरवं?”

“आपण लिहिलेलं उजवीकडे असतं, हिरव्यात. बाकीच्यांचं डावीकडे, नावासकट. ज्याच्या फोनवरून स्क्रीनशॉट काढलाय, त्याचंच हिरवं दिसणार ना?”

मठ्ठा उजवीकडे होता. हिरव्यात. वर नाव नव्हतं, कारण आपल्याच फोनला आपलं नाव सांगावं लागत नाही.

तेव्हा मला खंबाटकी घाट आठवला. गाडी घाटात अडकली होती, ११ टक्के बॅटरी उरली होती आणि मी माझंच वाक्य चौथ्यांदा वाचत होतो. वाक्य चांगलं उतरलं होतं. एवढं चांगलं वाक्य आणि वाचक तीन. त्यांतली एक तर बायको. सदर लिहिणाऱ्या माणसाचं तिघांवर भागत नाही. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून मिरजेच्या कॉलेजमित्राला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘फक्त तुला म्हणून.’

मित्राला फोन लावला. तो गुन्हा कबूल करायलाही तयार नव्हता, कारण त्याच्या मते गुन्हाच नव्हता. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलाची मुंज, केटरर तोच, आणि ताटाच्या भावावरून घासाघीस चाललेली. माझं वाक्य त्याने पुरावा म्हणून दाखल केलं. वास्तविक जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा जो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यात २०२० मध्ये स्पष्ट झालं आहे की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. मूळ उपकरणच कोर्टात आणून ठेवलं तर गोष्ट वेगळी. केटररने प्रमाणपत्र मागितलं नाही. त्याने ताटामागे दहा रुपये कमी केले आणि तेच चित्र साडूभाऊंना पाठवून विचारलं, “साहेब, दही कमी घाला असं तुम्हीच म्हणाला होतात ना?” साडूभाऊंनी चित्र पुढे पाठवलं, केटररचा प्रश्न तेवढा गाळला.

इथवर माझी बाजू सावरण्याजोगी होती. मठ्ठ्याबद्दल ३७ पैकी निम्म्यांचं मत माझ्यासारखंच असणार, ही माझी खात्री होती. पण बुधवारी सकाळी गुलाबाच्या फुलाऐवजी बायकोच्या आत्यांचा प्रश्न आला : ‘हा ३००० बाकी कोण?’

स्क्रीनशॉटमध्ये माणसाचं खरं नाव येत नाही. आपण आपल्या फोनमध्ये त्याला ज्या नावाने ठेवलेलं असतं, ते नाव येतं. तीन हसऱ्या चेहऱ्यांच्या डोक्यावर लिहिलं होतं ‘मेहुणा ३००० बाकी’. आहेराच्या साडीवर टीका करणाऱ्या बाईंचं नाव होतं ‘वहिनी सकाळी उचलू नये’. आणि तो एकुलता एक अंगठा दाखवणारी होती ‘घर उचलणे’. मठ्ठा बाजूला राहिला. आत्यांनी ‘घर उचलणे’ म्हणजे बांधकामाचं काही आहे का असं विचारलं. वहिनींनी त्या दिवसापासून सकाळी फोन करणं सोडलं. आता दुपारी करतात.

मी रात्री बसून सगळी नावं बदलली. कुणाला पुढे आदरणीय लावलं, कुणाला मागे राव. त्यामुळे झालं असं की, काल ‘आदरणीय सुहृद’ असा फोन वाजला आणि घरातलं कुणीच ओळखेना. पाण्याचा टँकरवाला होता.

मेहुणा चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी त्याने ‘कुलस्वामिनी कृपा’वर एक स्क्रीनशॉट टाकला : मला यूपीआयने पाठवलेले ३,००० रुपये, शेऱ्याच्या जागी ‘दह्यासाठी’. खाली लोटलेले टाळ्यांचे हात मी मोजले नाहीत. असल्या चित्रांवर दुकानदारही विश्वास ठेवत नाहीत, म्हणून तर गल्ल्याजवळ तो बोलणारा डबा बसवलेला असतो. तेव्हा मी आधी बँकेचा संदेश तपासला. पैसे खरोखर आले होते.

मग मेहुण्याचं चित्र मोठं करून पाहिलं. तपासाची सवय लागली होती. त्याने स्क्रीनशॉट काढला त्याच क्षणी वरून एक सूचना घरंगळत आली असावी, ती तशीच अडकली होती. ग्रुपचं नाव ‘फक्त घरचे २’. लिहिणारी माझी बायको. मजकूर : ‘दह्यासाठी हे भारी सुचलं, टाक लवकर.’

तेवढ्या भागाचा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. पाठवायचा कुणाला, ते ठरत नाही.