बकासनवाले नाना

बकासनवाला हा साठी ओलांडलेला, नगर-मनमाड रस्त्यालगतच्या गावांत आढळणारा पुरुष. राहुरीत तो विपुल आहे. इथल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पिकांचे कितीतरी वाण दिले. हा मात्र कोणाच्या शिफारशीविना आपोआप रुजला. गावात त्याला नाना, आण्णा किंवा सर म्हणतात. येथे नाना म्हणू.

नानांची उगवण बहुधा २१ जूनला होते. २०१५ पासून हा आंतरराष्ट्रीय योग दिन. सकाळच्या कार्यक्रमात शेजारच्या सतरंजीवरची शाळकरी पोरगी सहज बकासन करते आणि नानांच्या मनात काहीतरी मोडते. मनगटाची पाळी नंतर येते.

ओळखण्याची खूण म्हणजे ते बोलता बोलता मनगटे फिरवतात. सवय चांगलीच, कारण या आसनात सगळा देह दोन तळव्यांवर तोलायचा असतो आणि मनगटे जवळजवळ काटकोनात दुमडतात. रिकाम्या पोटाचा नियमही नाना पाळतात, निदान आसन संपेपर्यंत. हठप्रदीपिकेत मयूरासन आहे, आणि त्याने जहालातले जहाल विषही पचते असे तिथे म्हटले आहे. बकासन त्या ग्रंथात नाही. तरी मोराचा दाखला बगळ्याला लावून नाना संध्याकाळी भेळीची दुसरी प्लेट मागवतात. रक्तदाब असेल किंवा मनगट पूर्वी दुखावले असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे, असे जाणकार सांगतात. नाना विचारतात, पण कंपाउंडरला.

कृती अशी. उकिडवे बसून तळवे खांद्यांइतक्या अंतरावर टेकायचे, बोटे पसरायची. गुडघे दंडांवर, काखेच्या जितके जवळ तितके बरे. मग भार हळूहळू पुढे न्यायचा. आधी एक पाऊल उचलून टेकवायचे, मग दुसरे; दोन्ही एकदम उचलायची ती तोल कळल्यावर. उडी मारायची नाही. नजर हातांच्या जरा पुढे ठेवावी, कारण ती पायांकडे वळली की डोके खाली जाते आणि नाक फरशीला भेटते. यासाठी समोर उशी किंवा घडी केलेली गोधडी असावी. नानांना गोधडी हा अपमान वाटतो, म्हणून ती नानी ठेवतात. "अहो, नाक तुमचं, पण दवाखान्यात बसायचं मलाच ना!"

एकटे असताना नाना शहाण्यासारखे वागतात आणि त्यांना सहसा काही होत नाही. खरा धोका प्रेक्षकांचा. नातू मोबाइल घेऊन उभा राहिला की पायऱ्या गाळल्या जातात. संथ चालावा असा श्वास फोटोसाठी कोंडला जातो, आणि मोबाइलची मेमरी नेमकी तेव्हाच भरलेली असते. थकवा येण्याआधी पाय अलगद टेकवून उतरावे, मनगटे उलट दिशेने ताणावीत, हे नानांना पाठ आहे. ते बहुतेक वेळा गोधडीवर उतरतात.

फोटो मात्र निघतोच. तो ग्रुपवर टाकण्याआधी गोधडी कातरून टाकली जाते.